आमचंच भागत नाही

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

‘‘आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. मिस्टर भोसरीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत, मी एका क्लासच्या ऑफिसात. त्यांचे ६२ हजार, माझे ३० हजार, असे ९२ हजार हातात येतात. घराचा हप्ता ३१ हजार. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. मागच्या महिन्यात मुलगा वर्गमित्राच्या वाढदिवसाला मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर गेला होता. आल्यावर दोन दिवस गप्प. मग मी भाजी निवडत होते तर शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘आई, आपण गरीब आहोत का?’ मी त्याच्यावर ओरडले.

त्याच आठवड्यात भांडी-फरशीच्या मावशींनी २,८०० चे ३,४०० मागितले. त्या वारज्याच्या रामनगरातून येतात, पाच घरं करतात, १४ हजारांच्या आसपास मिळवतात. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मावशी, आमचंच भागत नाही हो.’ त्या काही बोलल्या नाहीत. ओट्याशेजारी आदल्या रात्रीचा पिझ्झाचा खोका होता, तो उचलून कचऱ्यात टाकला आणि भांड्यांना लागल्या.

रविवारी धाकट्या दिरांकडे बालेवाडीला गेलो. त्यांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मिस्टरांनी दोन वर्षं ओव्हरटाइम केला होता. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला पेढे मी वाटले. आज नवरा-बायको मिळून ४ लाख येतात. आणि जाऊबाई मला म्हणतात, ‘आमचं तरी कुठं भागतंय, ताई! हप्ताच १ लाख १० हजार.’ मला इतका राग आला की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वरच्यांचं बरं आहे, खालच्यांना रेशन फुकट, आणि टॅक्स भरायचा आपण. आम्ही नक्की कोण? मुलाला काय सांगू? आणि खरं सांगा, मी जळकी आहे का? सोबत महिन्याच्या खर्चाचा कागद जोडते आहे.’’

ताई,

‘भागत नाही’ हे शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलेत आणि तिसऱ्यांदा न बोलता. तुम्ही मावशींना म्हणालात, जाऊबाई तुम्हाला म्हणाल्या, आणि मावशींनी पगार वाढवून मागितला त्याचाही अर्थ तोच होता. १४ हजारांत भागत नाही, ९२ हजारांत भागत नाही, ४ लाखांत भागत नाही. तिघींपैकी एकही खोटं बोलत नव्हती, असं मला मनापासून वाटतं. पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी भरलेल्या आहेत. मावशींच्या ‘भागत नाही’मध्ये दुखणं अंगावर काढणं असतं. तुमच्यात मुलाचा क्लास आणि सासूबाईंच्या गोळ्या यांची ओढाताण आहे. जाऊबाईंच्यात एवढंच आहे की आलेला पैसा आधीच बांधला गेलाय. हा फरक दिसला नाही, की राग भलत्या दारात जाऊन उभा राहतो.

आधी मुलाचा प्रश्न, कारण त्याने तो दोन दिवस मनात घोळवून विचारलाय. तुम्ही गरीब नाही. धीर द्यायला म्हणत नाही, हिशेबाने म्हणते. गरिबीला माप लावण्याचं एक मोठं काम आपल्याच गावात झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला: माणसाच्या पोटात रोज २,२५० उष्मांक जायला हवे असतील, तर तेवढं खाऊ शकणाऱ्या माणसाचा महिन्याचा एकूण खर्च किती असतो? १९६०-६१ च्या किमतींनी उत्तर आलं, खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. आकडे जुने झाले, त्या रेषेवर वादही पुष्कळ झाले. पण तो प्रश्न कसा विचारला होता ते बघा. घरातल्या सगळ्यांचं पोट भरतं का? ‘गरीब’ या शब्दाला हा तळ आहे, हे तुमच्या मुलाला माहीत हवं. रिसॉर्टवर वाढदिवस करता न येणं याला दुसरा शब्द लागेल.

तुम्ही खर्चाचा कागद जोडलात ते फार बरं केलंत. हप्ता आणि ५ हजारांची आरडी सोडली तर महिन्याला ५६ हजार खर्च होतात, म्हणजे माणशी १४ हजार. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली शहरी भारताची सरासरी माणशी ६,९९६ रुपये निघाली. तुम्ही तिच्या बरोबर दुपटीवर आहात. आदल्या वर्षीच्या पाहणीत शहरांतल्या सगळ्यात खालच्या ५ टक्के लोकांचा माणशी खर्च महिन्याला २,००१ रुपये होता, आणि सगळ्यात वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. पुणं महाग आहे आणि या सरासरीत लहान शहरंही धरलेली आहेत, हे मान्य. तरी तुमची जागा मधोमध नाही, बरीच वर आहे.

आणखी एक आकडा, फक्त तुमच्यासाठी. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी तयार झालेला विषमतेवरचा एक अहवाल २०२२ मध्ये आला. २०१९-२० च्या माहितीवरून त्यात म्हटलं होतं की महिन्याला २५ हजार मिळवणारा माणूस देशातल्या पगार-मजुरी मिळवणाऱ्यांच्या वरच्या १० टक्क्यांत बसतो. त्यानंतर पगार वाढलेत, तो उंबरठाही थोडा वर गेला असेल. तरी मिस्टरांचे ६२ हजार त्याच्या बरेच वर आहेत, आणि क्लासच्या ऑफिसात पावत्या फाडणाऱ्या तुम्ही एकट्यासुद्धा त्या उंबरठ्याच्या आसपास आहात. हे वाचून तुम्हाला खोटं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

मग इतकी ओढाताण का? माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

मुलाच्या आठवीच्या गणिताचा आलेख कागद घ्या. १ हजार रुपयाला १ मिलिमीटर धरा. मावशींची एकटीची कमाई १४ मिलिमीटर, नखाच्या रुंदीएवढी. तुमचं घर ९२ मिलिमीटर, साधारण तळहाताच्या रुंदीएवढं. काका-काकूंचं घर ४० सेंटिमीटर, म्हणजे कागद संपला, दुसरा जोडावा लागला. आता महिन्याला १ कोटी मिळवणारं घर काढा. दहा मीटर. तुमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत कागद न्यावा लागेल. आणि पुण्यात तशी घरं आहेत.

आता बघा, मावशी आणि तुम्ही यांच्यातलं अंतर ८ सेंटिमीटरही नाही. तुमच्यात आणि दिरांच्यात ३१ सेंटिमीटर. दिरांच्यात आणि तिसऱ्या मजल्यात साडेनऊ मीटरच्या वर. खालून वर जाताना पायऱ्या आधी जवळ-जवळ असतात आणि शेवटी शेवटी एकेक पायरी मजल्याएवढी होते. म्हणून वरच्या दहा टक्क्यांत बसलेल्या माणसालाही आपण तळाशी आहोत असं वाटू शकतं. त्याने मान वर केलेली असते, आणि वर अंतर खरंच अफाट आहे. हा तुमच्या मनाचा खेळ नाही. नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातले २२.६ टक्के वरच्या १ टक्का लोकांकडे गेले. खालच्या अख्ख्या अर्ध्या देशाच्या वाट्याला १५ टक्के आले. मालमत्तेत त्या १ टक्क्याचा वाटा ४०.१ टक्के. खर्चाच्या पाहण्यांत विषमता याहून बरीच कमी दिसते. एक तर श्रीमंत माणूस मिळवतो त्यातलं थोडंच खर्च करतो, आणि दुसरं, पाहणी करणाऱ्याला त्या फाटकांतून आत जाणंच अवघड असतं.

तेव्हा तुम्ही जळक्या नाही. तुम्हाला जे दिसतंय ते आहे. फक्त अर्धंच दिसतंय.

उरलेलं अर्धं का दिसत नाही? अर्जेंटिनातल्या तीन अभ्यासकांनी ब्यूनोस आयर्समध्ये लोकांना विचारलं होतं की उत्पन्नाच्या शिडीवर तुमची पायरी कोणती. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबांनी स्वतःला होतं त्याहून वर धरलं, सधनांनी खाली. सगळे मधे गोळा झाले, कारण प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीतल्या माणसांवरून जगाचा अंदाज बांधला होता. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याचा पुढचा भाग. आपण समजत होतो त्याहून खाली आहोत हे ज्यांना कळलं, त्यांनी गरिबांना अधिक मदत व्हावी अशी मागणी जास्त केली. म्हणजे स्वतःची जागा नीट कळली की माणसाचं न्यायाबद्दलचं मतही हलतं.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. मालक वर, आम्ही बिऱ्हाडकरू खाली, मागच्या खोल्यांत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर. नळ एक, अंगण एक. कुणाच्या घरी श्रीखंड झालं आणि कुणाच्या चुलीवर नुसती आमटी, हे वासावरून कळायचं. आपल्या वर कोण आणि खाली कोण, दोन्ही जिना चढता-उतरताना दिसायचं. त्या दिवसांचे गोडवे मात्र मी गाणार नाही. आमच्या अंगणात सगळी बिऱ्हाडं साधारण एकाच जातीची होती. याच शहरात १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला होता, कारण बाकीच्यांचे बंद होते. वाड्यात दिसायचा तो फरक पैशाचा. जातीचा फरक वाड्याच्या भिंतीबाहेर ठेवलेला होता. आता पैशाचाही तसाच बाहेर ठेवला जातो. बालेवाडीच्या सोसायटीत सगळी घरं जवळपास एका किमतीची, रामनगरात सगळी दुसऱ्या किमतीची. मुलाच्या शाळेची फी हीच गाळणी. तो रोज ज्यांच्यात बसतो त्यांच्यात कदाचित तो खरंच शेवटून पाचवा असेल. त्याने वर्गापुरतं बरोबर ओळखलं आणि जगाबद्दल चुकीचा निष्कर्ष काढला. आठवीतल्या मुलाने आणखी काय करावं?

आता दीर. अल्बर्ट हर्षमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक उदाहरण दिलं होतं, नवीन कात्रज बोगद्यात अडकलेल्या कुणालाही ते लगेच पटेल. बोगद्यात दोन्ही लेन ठप्प आहेत. एवढ्यात शेजारची लेन हलते. आपण हललेलो नसतो, तरी बरं वाटतं. मोकळं होतंय, आता आपलाही नंबर. पण शेजारची लेन जातच राहिली आणि आपली जागची हललीच नाही, तर तोच आनंद संतापात बदलतो. तुम्ही वाटलेले पेढे त्या पहिल्या क्षणाचे होते. हिंजवडीची लेन सुटली तेव्हा पुण्यातल्या किती घरांनी असे पेढे वाटले! भोसरीची लेन मात्र हळू राहिली. मिस्टर रोज ज्या लाइनवर उभे असतात तिथे कायम कामगाराशेजारी कंत्राटी पोरगा तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. घराचंही तेच. ज्याने वीस वर्षांपूर्वी बाणेर-बालेवाडीकडे जागा घेतली आणि ज्याने पाच वर्षांपूर्वी घेतली, त्यांचे पगार सारखे असले तरी आयुष्य सारखं नसतं. यात दिरांनी तुमचं काही हिसकावलं नाही, आणि मिस्टर कुठे कमी पडले नाहीत. पण ओव्हरटाइमच्या त्या दोन वर्षांचा उल्लेख त्या घरात कधी होतो का? मला वाटतं, तुमच्या रागातला मोठा भाग पैशाचा नाही, या न झालेल्या उल्लेखाचा आहे. तो जाऊबाईंच्या हप्त्यावर काढू नका. मिस्टरांना एकदा भावाशी बोलू द्या. ‘तुझ्या फीच्या वेळी आपण असं असं केलं होतं, आठवतं का?’ एवढंच. पैसे मागायला नव्हे, आठवण जिवंत ठेवायला.

टॅक्सबद्दल मात्र तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. तुम्ही कळवलेल्या पगारांवर तुम्हा दोघांपैकी कुणालाच तो भरावा लागत नाही. कर तुम्ही भरता तो मुख्यतः वस्तू-सेवांवर, आणि तो मावशीही भरतात. मोबाइलच्या रिचार्जवर त्यांनाही १८ टक्के जीएसटी लागतो, तुमच्याइतकाच. रेशनचं म्हणाल, तर अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. ५ किलो म्हणजे दिवसाला १६०-१७० ग्रॅम. त्या धान्यामुळे तुमचा हप्ता एक रुपयाने वाढलेला नाही.

तुमचे पैसे जातात कुठे ते तुमच्याच कागदावर आहे. शाळा आणि क्लास १३ हजार, सासूबाईंचे डॉक्टर-औषधं ५ हजार, दोन गाड्यांचं पेट्रोल ५ हजार. २३ हजार झाले. हप्ता धरला तर ५४, म्हणजे येणाऱ्या पैशाच्या निम्म्याहून जास्त. यातली घर सोडून प्रत्येक गोष्ट एके काळी बरीचशी सामाईक होती. नगरपालिकेची किंवा पेठेतली जुनी शाळा, सरकारी ससून रुग्णालय, पीएमटीची बस. तिथे रांग होती, गैरसोय होती, पण फीचं पुस्तक नव्हतं. परवडणाऱ्या माणसांनी एकेक करून त्या रांगा सोडल्या, मग त्या रांगांची तक्रार करणारा आवाजही गेला, आणि आता प्रत्येक घर आपापली शाळा, आपापला दवाखाना, आपापलं वाहन विकत घेतं. बालेवाडीला पाण्याचा टँकरही. म्हणून ४ लाखांतही भागत नाही. आणि ज्यांना विकत घेता येत नाही ते त्या विरळ झालेल्या रांगेत उरतात. बस वेळेवर येत नाही म्हणून तुम्ही स्कूटर घेतलीत. मावशींसाठी ती बस आजही उशिराच येते. इथे तुमचं आणि त्यांचं भांडण नाहीच, दोघींची मागणी एक आहे. तुमच्या राजकारणाला मला दिशा द्यायची नाही, पण पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आला तर बागेतल्या कारंज्याआधी बसचं आणि महापालिकेच्या दवाखान्याचं विचारा.

मावशींना ३,४०० द्या. ताई, यात घासाघीस करू नका. ६०० रुपये तुमच्या ९२ हजारांत शंभराला ६५ पैसे होतात. पाचही घरांनी दिले तर मावशींचे ३ हजार वाढतात, म्हणजे त्यांच्या कमाईचा पाचवा हिस्सा. शिवाय महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या आणि आजारपणाची पगारी रजा आत्ताच बोलून घ्या. ही मागणी नवी नाही. १९८० मध्ये याच पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी पगारवाढीसाठी आणि आजारपणाच्या रजेसाठी संप केला होता. चार दशकं उलटून गेली, आणि अजूनही हे प्रत्येक स्वयंपाकघरात एकेकटीला मागावं लागतं. देताना ‘भागत नाही’ म्हणाल्याबद्दल एक वाक्य बोला. मोठी माफी नको, त्या अवघडून जातील. ‘त्या दिवशी माझं बोलणं बरोबर नव्हतं’ इतकं पुरे.

आता मुलगा. त्याच्यावर ओरडलात, कारण त्याने तुमच्याच मनातला प्रश्न मोठ्याने विचारला. त्याच्याजवळ बसा आणि खर्चाचा हाच कागद त्याच्यासमोर ठेवा. आठवीतल्या मुलाला घरात किती पैसे येतात हे कळलं तर काही बिघडत नाही. पट्टी-पेन्सिल घेऊन त्याच्याकडूनच ते मिलिमीटर काढून घ्या. सुरुवात मावशींपासून करा, रिसॉर्टवाल्या मित्रापासून नको. ‘आपण गरीब नाही, श्रीमंतांच्या जवळपासही नाही, तुझा मित्र खूप वर आहे आणि त्यात त्याचीही काही चूक नाही’ हे त्याला सांगता येईल. तो विचारेल, मग एवढं अंतर का? त्याचं उत्तर एका संध्याकाळी देऊन संपणारं नाही, आणि तुम्हाला सगळं माहीत असायला हवं असंही नाही. तुम्हाला येत नसेल तिथे ‘मलाही नीट माहीत नाही, शोधू या’ म्हणा.

मित्राचा वाढदिवस झाला, आता याचाही येईल. रिसॉर्टच्या तोडीचं काही करायला कर्ज काढू नका, आणि ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणून तो गुंडाळूही नका. पाच-सहा मित्र, घरचं जेवण, गच्चीवर क्रिकेट. त्या मित्रालाही बोलवा. आणि मावशींच्या घरात त्याच्या वयाचं कुणी असेल तर त्यालाही, पण आधी मावशींना विचारून. त्यांना ते अवघड वाटलं तर आग्रह करू नका.

आलेख कागद कितवा जोडावा लागला, ते मला कळवा.